धोंड्याच्या महिन्यातलं वाण

॥ श्री ॥

वीज मंडळाची कॉलनी, कोराडी
अधिक श्रावण, रविवार, २४ जुलै १९७७

तीर्थरूप मामाजी आणि मामीजी यांच्या चरणी,

कोराडीहून आपला जावई चंपत याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत (खुशाल हा शब्द मी जरा सैल हाताने वापरतो आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच). उमरेडला पाऊस कसा काय आहे? हवेत ओल आली की मागावरचा ताणा ढिला पडतो आणि आपला पारा चढतो, असं शामला सांगते, म्हणून पावसाची चौकशी जरा भीतभीतच करतो. मामीजींचा गुडघा कसा आहे? आणि आपल्या पायाच्या अंगठ्याचं काय झालं? फाल्गुनात मागाच्या खड्ड्यात उतरताना तो ठेचला होता. वैशाखात आपण दोघं आमच्याकडे आलात, तेव्हाही त्यावर हळदीची चिंधी होती. आता आषाढ सरून अधिक लागला. चिंधी सुटली असेल असं धरून चालतो आणि पुढे लिहितो.

आपलं कार्ड मिळालं. धोंड्याच्या महिन्याचं जेवण सात तारखेच्या रविवारी ठेवलं आहे, जावईबापूंनी शामलाला घेऊन यावं, अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले आहेत, सराफाकडे चांदीचं निरांजन सांगून ठेवलं आहे, हे सगळं वाचून आनंद झाला. आनंद झाला आणि मी ते कार्ड देवामागे ठेवून दिलं. उत्तर धाडायला उशीर झाला, त्यावरून जावई रुसला असं आपल्याला वाटलं असेल. मामाजी, मी रुसलो नाही. रुसण्यासाठी माणसाला अंगात थोडा गोडवा असावा लागतो आणि माझा गोडवा डॉक्टरांनी बंद केला आहे. हे काय प्रकरण आहे ते सविस्तर सांगितल्याशिवाय माझं येणं किंवा न येणं आपल्याला कळायचं नाही, म्हणून हे लांबण लावतो. मामीजींना वाचून दाखवताना मधल्या चहाच्या भागावर जास्त जोर देऊ नये.

झालं असं, की आपण दोघं वैशाखात आंबे खाऊन परतलात आणि लगेच मंडळाने चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांची तपासणी काढली. आम्ही कोळसा विभागातले सगळे हसत हसत गेलो. कोळशाच्या पट्ट्याखाली आयुष्य काढणाऱ्या माणसाला फार तर खोकला व्हायचा, असा आमचा समज. डॉक्टरांनी माझ्या पोटाभोवती फीत गुंडाळली. फीत पुरली, पण तिला त्रास झाला. मग रक्त घेतलं, मग पेलाभर गोड पाणी पाजलं, पुन्हा रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मला एकट्यालाच आत बोलावलं. म्हणाले, साखर तुमच्या अंगात अजून शिरलेली नाही, पण दारात चपला काढून उभी आहे. मी विचारलं, मग तिला या म्हणायचं की नाही? ते हसले नाहीत. (डॉक्टर अमरावतीकडचे आहेत, थट्टा त्यांना कळते. तरी हसले नाहीत, तेव्हाच मला घाम फुटला.) त्यांचं म्हणणं असं, की हा पाहुणा एकदा आत आला की घरजावई होतो, जन्मभर जात नाही आणि हळूहळू डोळे, मूत्रपिंड, पाय, एकेक खोली ताब्यात घेतो. पण दारात आहे तोवर त्याला परतवता येतं. वजन उतरवा, रोज चाला, गोड आणि तळलेलं सोडा, तंबाखू थुंका. औषध नको, तूर्त एवढंच पुरे. मामाजी, आपल्याला जावई या विषयाचा अनुभव आहे, तेव्हा घरजावयाची धास्ती आपल्याला मी काय समजावून सांगू.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शामला काही बोलली नाही. तिने स्टूल घेतलं, साखरेचा डबा उचलला आणि माळ्यावर नेऊन ठेवला. आपल्या मुलीचं बोलणं किती भरघोस असतं ते आपण जाणताच, त्यामुळे तिचं गप्प बसणं मला डॉक्टरांपेक्षा जड गेलं. ती नानाजींना आठवत होती. आपले थोरले बंधू, अख्ख्या आळीत त्यांच्यासारखा रेशीमकाठ कोणी काढत नसे म्हणतात. त्यांनाही असंच पायाच्या बोटाला लागलं होतं, त्यांनीही हळद आणि चुना लावून वाट पाहिली, आणि शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. साखर आहे हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर ते मागासमोर खाट टाकून बसत आणि दुसरा कोणी मागावर बसला की तोंड भिंतीकडे करत. लग्नानंतर मी पहिल्यांदा उमरेडला आलो तेव्हा त्यांना तसं बसलेलं पाहिलं होतं. माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही. तेव्हा मी थट्टेने लिहितो आहे खरा, पण मी मनापासून भ्यालो होतो, हे आपल्यापासून कशाला लपवू.

पहिला उपाय म्हणजे चालणं. चालायला काय लागतं, दोन पाय, असं मला वाटलं होतं. पांढरा पायजमा-सदरा घातला, हातात काठी घेतली आणि भल्या सकाळी कॉलनीच्या रस्त्याने निघालो. आता आपल्याकडे ओळखीचा माणूस दारावरून पायी गेला आणि त्याला आत बोलावलं नाही, तर बोलावणाऱ्याला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. पहिल्याच वळणावर बायजाबाई सडा टाकत होत्या (आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या, आपण आलात तेव्हा मामीजींना लोणच्याची बरणी दिली त्या). त्यांनी बादली खाली ठेवली. "काहून जी चंपतभाऊ, इतक्या सकाळी? शामलासंगं भांडण झालं का?" मी म्हटलं, नाही, फिरायला निघालो. त्यांचा विश्वास बसला नाही. ज्याची सायकल धडधाकट आहे तो माणूस काम नसताना पायी कशाला फिरेल? "असू द्या, होते कधी कधी. बसा न जी, चहा मांडून राहिली." चहात चमचा उभा राहील इतकी साखर. भांडण झालेल्या माणसाला कमी गोड चहा देणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. तिथून सुटलो तर पुढच्या दारात आणखी कोणी, त्याच्या पुढे आणखी कोणी. एका ठिकाणी चहासोबत चिवडा, एका ठिकाणी रात्रीची उरलेली जिलबी ("गरम नाही आहे जी, पण चालते"). नाही म्हणावं तर माणसं दुखावतात, आणि आपण सांगा, कोणाचा चहा टाकून मी तोंड कसं दाखवायचं? घरी परतलो की शामला बिनसाखरेचा चहा पुढे करी आणि तो पिताना मी फार कष्टी चेहरा करी.

महिनाअखेर वजनाच्या काट्यावर उभा राहिलो. डॉक्टरांनी काटा पाहिला, मग मला पाहिलं, मग काटा नीट आहे का म्हणून स्वतः त्यावर उभे राहून पाहिलं. वजन वाढलं होतं. रोज चालता ना, म्हणाले. मी म्हटलं, एक दिवस चुकवला नाही. मग त्यांनी वाटेत काय काय होतं ते खोदून खोदून विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. शेवटी म्हणाले, जिथे घरं नाहीत तिथे चाला.

घरं नाहीत अशी जागा इथे एकच, जळालेल्या कोळशाची राख सोडतात त्या राखेच्या तलावाचा बांध. तिथे मला आमच्या खात्यातले ताराचंद सोबती मिळाले. बांधावर चहा मिळत नाही, पण राख मिळते. पांढरा सदरा घालून गेलेला माणूस परत येताना करडा होऊन येतो. पहिल्या दिवशी शामलाने दार उघडलं आणि मला भिकारी समजून वाटीभर पीठ आणायला आत वळली (ती हे कबूल करत नाही, पण मी वाटी पाहिली आहे). राखेचं एक वेळ सोसवलं, ताराचंदांचं ज्ञान सोसवेना. साखरेवर काय घ्यावं हे त्यांना आतूनबाहेरून माहीत. कारल्याचा रस घ्या. जांभळाच्या बियांची भुकटी घ्या. मेथीचे दाणे भिजवून घ्या. कडुलिंबाचा पाला चावा. मी विचारलं, यातलं कोणतं घेऊ? "काहून गा, एकच काहून? जे भेटलं ते घ्या." मामाजी, मी एका सकाळी सगळं घेतलं. रस, भुकटी, मेथी, पाला, आणि वर ताराचंदांच्या घरून आलेला कसलासा काढा, ज्यात काय होतं ते त्यांच्या सासूबाईंनाच ठाऊक. ड्यूटीवर गेलो. पट्टा सुरू झाला, वरून कोळसा यायला लागला, आणि माझ्या पोटातही काहीतरी सुरू झालं. त्या पाळीत कोळशाच्या पट्ट्याजवळ मी थोडाच वेळ सापडलो. साहेबांनी विचारलं, सुपरवायझर कुठे आहेत? माझ्या माणसांनी इमानदारीने बोट दाखवलं आणि साहेब त्या दाराबाहेर उभे राहून माझ्याशी दाराआडून बोलले. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कारलं भाजी म्हणून खा, बाकीचं ताराचंदांना द्या.

तिसरा प्रकार जरा नाजूक आहे. मामीजी ऐकत असतील तर एवढा भाग मनातल्या मनात वाचावा. साखर परतते आहे की नाही हे घरच्या घरी कळावं म्हणून डॉक्टरांनी मला एक काचेची नळी आणि बाटलीभर निळं पाणी दिलं. नळीत हे निळं पाणी घ्यायचं, त्यात सकाळच्या लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर उतरत नाही. हिरवं झालं तर जरा आहे, पिवळं झालं तर बरीच आहे, आणि विटकरी झालं तर ताबडतोब उठून दवाखान्यात यायचं. शामलाने हे ऐकलं आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या आगींवर बंदी घातली. रॉकेलचा जुना स्टोव्ह मागच्या अंगणात, सरपणाच्या आडोशाला मांडून दिला, आणि वर बजावलं की तो यापुढे घरात यायचा नाही, दिवाळीलाही नाही.

आता आपण डोळ्यांपुढे आणा. सरपणाच्या मागे उकिडवा बसलेला एक माणूस, स्टोव्ह पेटलेला, हातात चिमट्याने धरलेली नळी, शेजारी बाटली, नळीतून वाफ, आणि तो माणूस नळी उजेडाकडे धरून रंग पाहतो आहे. बायजाबाईंनी कुंपणावरून हे पाहिलं आणि त्यांना वाटायचं तेच वाटलं. दुपारपर्यंत कॉलनीत झालं, की चंपतभाऊ घरामागे दारू गाळतात. (इतके दिवस मी सकाळी काठी घेऊन राखेच्या बांधाकडे का जात होतो, याचाही उलगडा लोकांनी करून टाकला. माल पुरायला.) बायकांनी शामलाकडे कणवेने पाहायला सुरुवात केली. पुरुषांचं वेगळं. संध्याकाळी बायजाबाईंचे यजमान मागच्या बाजूने आले, सरपणावर टेकले, आजूबाजूला पाहिलं आणि रिकामा पेला पुढे करून हळूच म्हणाले, "थोडीशी चाखून पाहतो न गा, कोणाले सांगत नाही." मी म्हटलं, अहो, हे तुम्ही चाखायचं नाही. त्यांना वाटलं मी हात आखडता घेतो आहे. शेवटी फाटकावरचा चौकीदार आला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानेही मान हलवली, पण नोकरीला जागून नळी नाकाशी नेली. त्यानंतर त्याने मला बाकी काहीही विचारलं नाही.

पण याचा शेवट बरा झाला. गोष्ट खरी काय ती पसरली, तेव्हा आधी सगळे पोट धरून हसले, आणि मग एकेक जण मागच्या बाजूने यायला लागला. हातात कागदात गुंडाळलेली बाटली, नजर इकडेतिकडे. चंपतभाऊ, आमचंही एकदा पाहा न. मी मिळालेल्या मानाने फुगलो होतो, एप्रनच तेवढा नव्हता. बहुतेकांचं निळं राहिलं. बायजाबाईंच्या यजमानांचं मात्र माझ्या डोळ्यांदेखत हिरवं झालं, मग पिवळं, आणि विटकरीवर येऊन थांबलं. ज्यांचं आयुष्यात कधी साधं डोकं दुखलं नाही, असे ते गृहस्थ. आम्ही दोघं त्या नळीकडे पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. आता ते औषध घेतात, माझ्यासोबत बांधावर चालतात, आणि बायजाबाईंनी चहातली साखर अशी तोडली आहे की त्यांच्या दारावरून मी बिनधास्त जातो. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ता कळलं, पायाला काही व्हायच्या आधी कळलं.

माझंही बरं आहे. वजन उतरलं, पायजम्याची नाडी लांब उरायला लागली, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं तर डॉक्टर प्रथमच हसले. म्हणाले, पाहुण्याने चपला घातल्या, आता फक्त त्याला पुन्हा आवाज देऊ नका. शामलाने त्या दिवशी माझ्यासमोर डोळ्यांना पदर लावला. तिला इतकी भीती वाटत होती हे मला तोवर नीटसं कळलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच दिवशी आपलं कार्ड आलं. मामाजी, मागच्या धोंड्याच्या महिन्याची आठवण मला तीन वर्षं पुरली आहे. पुरणाचे धोंडे तुपात तरंगत होते. मी ताटावर हात आडवा धरला, तर मामीजींनी तूप हातावरून सोडलं, ते कोपरापर्यंत आलं आणि तिथून पुन्हा ताटात गेलं. "घ्या न जी जावईबापू, तुमी नाही खाल्लं तं माह्या पुण्याचं काय?" असं त्या म्हणाल्या आणि मी पुन्हा खाल्लं. वरून तेहेतीस अनारसे डब्यात भरून दिले, ते उमरेडच्या एसटीत मांडीवर घेऊन आलो. या महिन्यात जावई म्हणजे नारायण, त्याला तृप्त करून पाठवायचा. आपलं घर ही रीत किती मनापासून पाळतं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच इतके दिवस मला उत्तर सुचेना. येत नाही म्हणावं तर मामीजींचा जीव दुखावतो आणि शामलाचं माहेर चारचौघांत खाली पाहतं. येऊन खाल्लं तर दोन महिन्यांची राख आणि कारली वाया. येऊन खाल्लं नाही तर ते सगळ्यांत वाईट. शामला एका संध्याकाळी म्हणाली, जाऊ नका. थोड्या वेळाने म्हणाली, जायलाच पायजे. मग म्हणाली, मले काही विचारू नका.

तेव्हा विचार करून लिहितो, की आम्ही दोघं सात तारखेला पहिल्या एसटीने येत आहोत. पाटावर बसेन, मामीजींच्या हातचा एक धोंडा आनंदाने खाईन, आणि त्यानंतर हात आडवा धरला तर त्यांनी तो जावयाचा हात समजावा, ताटाचा भाग समजू नये. माझ्या पाटाशेजारी आपलाही पाट मांडावा, अशी विनंती आहे. लहानांना आशीर्वाद, आळीत सगळ्यांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक जावई,
चंपत

ता. क. अनारसे करायचेच असतील तर लहान करावेत. मला एक पुरे. उरलेले आळीतल्या पोरांना वाटून टाकावेत, त्यांना अजून पुष्कळ पळायचं आहे.

ता. क. मामाजी, पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, इतकं सगळं लिहून मी ते टाळत होतो. वैशाखात आपण इथे होतात तेव्हा माठातलं पाणी आपल्याला पुरत नव्हतं. उन्हाळा आहे, असं आपण म्हणालात आणि मीही मान हलवली. आपण अंगणातल्या मोरीवर जात होतात, तिथे दगडावर मुंग्यांची रांग लागत होती. सकाळी मी बाहेर आलो की शामला खराट्याने त्या मुंग्या झाडत असे. मला पाहून म्हणे, पावसाचं चिन्ह दिसते. मी म्हणे, हो, दिसते खरं. माझी तपासणी तेव्हा व्हायची होती, मुंग्या कशाला येतात हे मला माहीत नव्हतं. लघवीतून साखर उतरते तिथे त्या येतात, हे पुढे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं. शामलाला मात्र नानाजींच्या वेळेपासून माहीत होतं. साखरेचा डबा तिने माळ्यावर ठेवला, तेव्हा ती माझ्यासाठी भ्याली आहे असं मी समजत होतो. ती माझ्यासाठी भ्याली होतीच, पण एकट्या माझ्यासाठी नव्हे. आपल्याला कोणी काही सांगायचं नाही, अशी आपल्या घरची रीत आहे आणि ती रीत ती मोडू शकत नाही. मी परक्या घरचा आहे, मला मोडता येते.

म्हणून मागणी आहे. या महिन्यात जावई जे वाण मागेल ते द्यावं लागतं, हे मला आपणच मागच्या वेळी पाटावर बसवून सांगितलं होतं. तर चांदीचं निरांजन मला नको, सराफाला नाही म्हणून कळवावं. माझं वाण म्हणजे आपण. सोमवारी सकाळी आपण आमच्यासोबत एसटीत बसायचं, इथे दवाखान्यात येऊन रक्त द्यायचं, आणि डॉक्टरांसमोर अंगठ्याची चिंधी सोडायची. मी जवळ उभा राहीन. काही निघालं नाही तर त्याच संध्याकाळी मी स्वतः अनारसे घेऊन आपल्याला उमरेडला पोचवतो. काही निघालं, तर अजून वेळ आहे. आपल्याला मंजूर नसेल, तर मी पाटावर बसेन, पण घास उचलणार नाही, आणि उपाशी जावई दारातून गेल्याचं मामीजींना काय सांगायचं ते आपण ठरवावं. ही दांडगाई आहे हे मला कळतं. दुसरी काही युक्ती माझ्याजवळ नाही.

ता. क. स्टोव्ह, नळी आणि निळं पाणी पिशवीत घालून सोबत आणतो आहे. आळीत आधीच सांगून ठेवावं, की जावई दारू गाळत नाही.

बाबा, मी शामला. यांनी पत्र टपालात टाकाले मले देल्लं, मी वाचलं. मुंग्या मीच झाडत होती. आईले वाचून दाखवा, पूर्ण दाखवा. नानाजीच्या खाटेपाशी बसून तुमी मले म्हणत होते, का नानाले कोणी वेळेवर सांगतलं असतं तं. बाबा, आमी तुमाले सांगून राहिलो.